मोजायचं की मापायचं? इंग्रजीतले 'मच', 'मेनी', 'फ्यू', 'लिटल' वापरायला शिकताना

माझी पहिली नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत, खोकी बनवणाऱ्या एका कंपनीच्या डिस्पॅच विभागात. एका परदेशी ग्राहकाने मेलवर विचारलं होतं, अमुक मापाची खोकी शिल्लक आहेत का? गोडाऊनमध्ये साडेतीनशेच्या आसपास होती. मी लिहिलं, "वी हॅव फ्यू बॉक्सेस इन स्टॉक." मला म्हणायचं होतं, 'आहेत काही खोकी'. त्याने वाचलं, 'खोकी जवळजवळ संपलीच आहेत'. त्याने दुसरीकडून माल उचलला. साहेबांनी माझा मेल स्क्रीनवर उघडला आणि म्हणाले, "अगं, यात एक 'अ' कमी पडलाय." एका अक्षरापायी साडेतीनशे खोकी पुढचे दोन महिने गोडाऊनमध्ये धूळ खात पडली.

मी भांडुपच्या मराठी शाळेतली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. मी त्याआधीची, म्हणजे ए बी सी डी गिरवली ती पाचवीत. काळ, वाच्य, प्रश्नार्थक करा, सगळं पाठ होतं. पण थोडं, फार, काही, सगळे हे रोजचे शब्द इंग्रजीत नेताना मी अडखळायचे. कारण कळायला बरीच वर्षं गेली. आपल्याकडे 'किती' हा एकच शब्द माणसांनाही चालतो आणि पाण्यालाही. 'थोडे', 'फार', 'पुष्कळ', 'कमी' यांचंही तेच. इंग्रजीत मात्र प्रत्येक ठिकाणी दोन-दोन शब्द, आणि त्यातला कुठला घ्यायचा हे पुढचं नाम ठरवतं. ते नाम कसं ओळखायचं, इथून सुरुवात करू.

लागणारं साहित्य

एक शंभरपानी वही. दोन रंगांची पेनं. मोबाइलवर एक चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, तोही 'लर्नर्स' प्रकारचा, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी केलेला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात नामापुढे 'काउंटेबल' किंवा 'अनकाउंटेबल' असं लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नुसतं सी किंवा यू. माझ्याकडच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात ही खूण नव्हती, त्यामुळे तो अर्थापुरता ठीक, या कामाला निरुपयोगी. ही खूण शब्दकोशात रुजवणारे हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते आणि त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला. जपानी मुलंही आपल्यासारखीच इथे घसरत असणार, हे वाचून मला उगाच बरं वाटलं होतं.

चौथी गोष्ट म्हणजे तुमच्या मेलचा 'सेंट' फोल्डर. तो शेवटच्या पायरीला लागेल.

## १. आधी नामाकडे बघा

वाक्य जुळवताना आपण 'खूप'ला इंग्रजीत काय म्हणतात ते आधी शोधतो. क्रम उलटा करा. आधी नाम पकडा आणि स्वतःला विचारा, हे मोजायचं की मापायचं?

मराठीत ही दोन क्रियापदं आहेतच. खुर्च्या मोजतो, दूध मापतो. मासळी बाजारात उभे राहा म्हणजे आणखी नीट कळेल. पापलेट कोळीण नगावर देते: एक, दोन, तीन. कोळंबी किंवा जवळा मात्र वाट्यावर. जवळा कुणी 'किती जवळे देऊ?' असं विचारत नाही. इंग्रजीला सगळ्या जगातल्या वस्तू अशाच लावायच्या असतात, नग इकडे आणि वाटा तिकडे.

नगाचं नाम असेल तर त्याला अनेकवचन होतं आणि पुढे येतात 'मेनी', 'फ्यू', 'अ फ्यू', 'सेव्हरल'. मापाचं असेल तर अनेकवचन नाही, 'एस' लावायचा नाही, आणि पुढे 'मच', 'लिटल', 'अ लिटल'.

मराठीतली एक जोडी तर जणू यासाठीच केलेली आहे: वेळ आणि वेळा. 'किती वेळ लागला?' म्हणजे "हाउ मच टाइम?" आणि 'किती वेळा गेलात?' म्हणजे "हाउ मेनी टाइम्स?" एक काना वाढला की मापाचं नाम नगाचं झालं. ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

## २. मराठी जिथे चकवते ती नामं

वरची कसोटी दहापैकी सात-आठ वेळा चालते. उरलेल्या ठिकाणी मराठीच आपल्याला तोंडघशी पाडते.

पैसे घ्या. आपण पैसे मोजतो, चक्क नोटा ओल्या बोटाने मोजतो, आणि मराठीत पैसे अनेकवचनीच: पैसे संपले, पैसे मिळाले. म्हणून तोंडात येतं "मेनी मनी". पण इंग्रजीला 'मनी' मापाचं वाटतं. रुपये मोजायचे, 'मनी' मापायचं: "हाउ मेनी रुपीज", पण "हाउ मच मनी". केसांचं तसंच. आपले केस गळतात, अनेकवचनात गळतात. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून एक 'हेअर', आणि ते 'इज' घेतं. डाळीत एखादा सापडला तर मात्र तो नग होतो: "देअर इज अ हेअर इन माय डाळ." पोहे भिजवले, गहू दळायला दिले, तांदूळ निवडले, ही सगळी आपल्याकडे अनेकवचनं. इंग्रजीत 'राइस' आणि 'व्हीट' एकवचनी. त्यात तर्क शोधू नका, कारण 'व्हीट' एकवचनी आणि 'ओट्स' अनेकवचनी. शेंगदाणे 'पीनट्स' आणि शेजारच्याच पुडीतलं 'पॉपकॉर्न' मापाचं. असं आहे, एवढंच लक्षात ठेवायचं.

ऑफिसात रोज लागणारी आणि रोज चुकणारी नामं ही घ्या. यातल्या एकालाही 'एस' लागत नाही: इन्फर्मेशन, अॅडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, मशिनरी, स्टेशनरी, सॉफ्टवेअर, फीडबॅक, होमवर्क, ट्रॅफिक, ज्वेलरी, एव्हिडन्स, रिसर्च. 'न्यूज'च्या शेवटी एस दिसतो, पण तो फसवा; "द न्यूज इज गुड" असंच म्हणायचं. आपण दुकानांच्या पाट्यांवर 'फर्निचर्स' आणि 'ज्वेलरीज' इतके वर्षानुवर्षं वाचतो की चूक ती बरोबर वाटू लागते.

'वर्क'ची गंमत वेगळी. 'मला आज बरीच कामं आहेत'चं मी "आय हॅव मेनी वर्क्स" करायचे. अंधेरीच्या एमआयडीसीत चालताना दर चौथ्या गाळ्यावर 'अमुक इंजिनिअरिंग वर्क्स' अशी पाटी असते, म्हणून तो शब्द ओळखीचा वाटायचा. पण तिथे 'वर्क्स' म्हणजे कारखाना. मला बरेच कारखाने आहेत, असं मी साहेबांना सांगत होते. बरोबर वाक्य: "आय हॅव अ लॉट ऑफ वर्क." कामं मोजूनच सांगायची असतील तर 'टास्क' किंवा 'जॉब' घ्या, त्यांना एस चालतो.

एक पळवाटही आहे. कॅन्टीनमध्ये आपण 'दोन चहा, तीन कॉफी' सांगतो, इंग्रजीतही "टू टीज, थ्री कॉफीज" चालतं. कपात ओतलं की मापाची वस्तू नग होते. पण ही सवलत हॉटेलातल्या ऑर्डरपुरती.

## ३. मापाची वस्तू मोजायची तर वाटा घाला

'एक सल्ला देऊ?' हे "अॅन अॅडव्हाइस" होत नाही. मग एक सल्ला कसा द्यायचा? कोळीण करते तेच करायचं, वाटा घालायचा. "अ पीस ऑफ अॅडव्हाइस", "टू पीसेस ऑफ लगेज", "अॅन आयटम ऑफ न्यूज".

ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही, घरात आपण हेच बोलतो. साबणाची वडी म्हणजे "अ बार ऑफ सोप". मेथीची जुडी, "अ बंच ऑफ मेथी". लसणाचा गड्डा, "अ बल्ब ऑफ गार्लिक". त्याची एक पाकळी, "अ क्लोव्ह ऑफ गार्लिक". चिमूटभर मीठ, "अ पिंच ऑफ सॉल्ट". मूठभर शेंगदाणे, "अ हँडफुल ऑफ पीनट्स". फरक इतकाच की 'साबणाची'तला 'ची' तिकडे 'ऑफ' होऊन मध्ये बसतो.

मुंबईकरांचा पाव इथे खास अडचण करतो. आपला पाव नग आहे: दोन पाव द्या, एक लादी द्या. इंग्रजी 'ब्रेड' मात्र मापाचा. "टू ब्रेड्स" नाही. "टू स्लाइसेस ऑफ ब्रेड" किंवा "अ लोफ ऑफ ब्रेड".

वजनाच्या वेळी आणखी एक खाच. मराठीत 'दोन किलो तांदूळ' म्हणताना मध्ये काही लागत नाही, इंग्रजीत 'ऑफ' लागतो: "टू किलोज ऑफ राइस". डझनाला मात्र नाही: "अ डझन एग्ज", "टू डझन बनानाज".

## ४. 'मच', 'मेनी' आणि सगळीकडे चालणारा 'अ लॉट ऑफ'

प्रश्नात आणि नकारात 'मच' आणि 'मेनी' बिनधास्त वापरा. "हाउ मेनी पीपल?" "देअर इझन्ट मच टाइम." साध्या होकारार्थी वाक्यात 'मच' एकटा घातला तर व्याकरण फारसं बिघडत नाही, पण कानाला खटकतं. "आय हॅव मच मनी" असं सहसा कुणी बोलत नाही. तिथे "अ लॉट ऑफ" घ्या. तो नगालाही चालतो, मापालाही, आणि ऐनवेळी नाम कुठल्या जातीचं ते आठवलं नाही तर लाज राखतो. 'प्लेन्टी ऑफ' आणि 'इनफ' यांनाही तीच मुभा. नवख्या माणसाने सुरुवातीचे तीन महिने 'अ लॉट ऑफ'वर काढले तरी काही बिघडत नाही. मी काढले.

फक्त क्रियापद नामाकडे बघून लावा, 'लॉट'कडे बघून नाही: "अ लॉट ऑफ पीपल आर वेटिंग", पण "अ लॉट ऑफ वॉटर इज वेस्टेड".

'टू' आणि 'व्हेरी' यांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. 'टू' म्हणजे नको इतकं. लग्नाच्या पंगतीत "द फूड इज टू टेस्टी" म्हणालात तर ऐकणारा पुढच्या तक्रारीची वाट बघतो. कौतुक करायचं तर 'व्हेरी'. गर्दीबद्दल बोलताना "टू मच क्राउड" हे मुंबईचं राष्ट्रीय वाक्य आहे. त्याऐवजी "इट्स टू क्राउडेड" म्हणा, म्हणजे मोजायचा-मापायचा प्रश्नच मिटतो.

'इनफ'ची जागा मराठीमुळे चुकते. नाम असेल तर त्याच्या आधी, विशेषण असेल तर नंतर: "इनफ चेअर्स", पण "बिग इनफ". "इनफ बिग" नाही.

## ५. एका 'अ'ची किंमत

माझी साडेतीनशे खोकी इथे अडकली होती, त्यामुळे या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' दोन्हींचा अर्थ शाळेत आम्हाला 'थोडे' असा दिला होता. आकडा खरोखर तोच असू शकतो. फरक बोलणाऱ्याच्या सुरात आहे. दारात पाहुणे आलेत, तुम्ही आतून विचारलंत, दूध आहे का गं? उत्तर दोन तऱ्हेने येऊ शकतं. 'आहे थोडं' म्हटलं की चहा होणार. 'फारसं नाहीये' म्हटलं की कुणीतरी पिशवी घेऊन खाली जाणार. भांड्यात दूध तितकंच. पहिलं उत्तर "अ लिटल", दुसरं "लिटल".

म्हणून कसोटी अशी: मनातलं मराठी वाक्य 'आहे'वर संपतंय की 'नाही'वर? 'आहेत काही मित्र इथे', "आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर." 'फारसे मित्र नाहीत इथे', "आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर." मराठीत तो नकार आपण उघड बोलतो, इंग्रजी तो नुसता 'अ' काढून दाखवते. त्यात आपल्या कानाला 'अ' ऐकूही येत नाही, कारण मराठीत असा शब्दच नाही. फोनवर तर तो हमखास गळतो.

माझा सल्ला थोडा धाडसी आहे. बिनाचा, म्हणजे 'अ' नसलेला 'फ्यू' आणि 'लिटल' वापरणं सोडूनच द्या. रोजच्या बोलण्यात इंग्रज-अमेरिकन माणसंही बहुतेक वेळा "नॉट मेनी" आणि "नॉट मच" असंच म्हणतात. एकटा 'फ्यू' बराचसा लिखित भाषेतला. 'फारसे नाहीत' म्हणायचं तर "नॉट मेनी", 'आहेत थोडे' म्हणायचं तर "अ फ्यू". दुसऱ्याचं वाचताना मात्र 'अ' आहे की नाही ते डोळ्यांत तेल घालून बघा.

तीन जोडशब्द पाठच करा. "व्हेरी फ्यू" म्हणजे अगदीच कमी, इथे 'अ' येत नाही. "ओन्ली अ फ्यू" म्हणजे मोजकेच, इथे 'अ' लागतो. आणि सगळ्यात लबाड, "क्वाइट अ फ्यू": यात 'फ्यू' दिसतो, पण अर्थ होतो बरेच! "क्वाइट अ फ्यू पीपल केम" म्हणजे चांगले भरपूर लोक आले.

'कमी'च्याही दोन वाटा आहेत. नगाला 'फ्युअर', मापाला 'लेस': "फ्युअर बॉक्सेस", "लेस ट्रॅफिक". हा नियम इंग्रजांचे इंग्रजही सरसकट पाळत नाहीत. रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रजाने १७७० मध्ये 'शंभर'सारख्या आकड्यापुढे 'लेस'पेक्षा 'फ्युअर' जास्त शोभतो, असं स्वतःचं मत मांडलं होतं. पुढे वैयाकरणांनी त्याचा कडक नियम केला. ब्रिटनमध्ये टेस्को या दुकानसाखळीने २००८ साली वाद टाळण्यासाठी "टेन आयटम्स ऑर लेस" ही पाटी बदलून "अप टू टेन आयटम्स" केली. तुम्ही परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये नियम पाळा. पैसे, अंतर आणि वेळ यांच्यासोबत मात्र आकडा असला तरी 'लेस'च येतो: "लेस दॅन टेन मिनिट्स", "लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज".

## ६. 'सम', 'एनी' आणि दुहेरी नकार

साधा हिशोब: होकारात 'सम', प्रश्नात आणि नकारात 'एनी'. एक अपवाद मात्र रोज लागतो. काही देऊ करताना किंवा मागताना प्रश्न असूनही 'सम' येतो: "वुड यू लाइक सम टी?" पाहुण्याला "डू यू वाँट एनी टी?" विचारलं तर 'चहा-बिहा हवाय की काय' असा सूर निघू शकतो.

होकारात आलेला 'एनी' म्हणजे 'कुठलाही': "टेक एनी स्लो ट्रेन."

खरी पंचाईत नकाराची. 'मला काहीच माहीत नाही', 'कुणीच आलं नाही', असं म्हणताना आपण 'काहीच', 'कुणीच' यांवर जोर देतो आणि शेवटी 'नाही'ही म्हणतो. त्याचा साचा इंग्रजीत गेला की "आय डोन्ट नो नथिंग" किंवा "नोबडी डिडन्ट कम" तयार होतं. इंग्रजीत एका वाक्याला एकच नकार पुरतो. "आय डोन्ट नो एनीथिंग" म्हणा किंवा "आय नो नथिंग". "नोबडी केम." इथे 'डिडन्ट' टाकलात तर अर्थ होतो, 'न आलेला असा कुणीच नाही', म्हणजे सगळे आले!

जाता जाता: 'सुट्टे' आपल्याकडे अनेकवचनी, इंग्रजीत 'चेंज' मापाचं. "डू यू हॅव चेंजेस?" नव्हे, "डू यू हॅव चेंज?"

## ७. सगळे, दोघे, प्रत्येक

आमच्या इमारतीत एकदा नोटीस लागली: "बोथ लिफ्ट्स आर नॉट वर्किंग." मी नवव्या मजल्यावर राहते. भाजीच्या दोन पिशव्या हातात. मी वाचून ठरवलं की दोन्ही चालू नाहीत, म्हणजे एक तरी चालू असेल, आणि पाच मिनिटं बटण दाबत उभी राहिले. मग चढले. लिहिणाऱ्याच्या मनात होतं, 'दोन्ही लिफ्ट बंद आहेत'. इंग्रजीत ते असं हवं होतं: "नायदर लिफ्ट इज वर्किंग." दोनपैकी एकही नाही म्हणजे 'नायदर', आणि क्रियापद एकवचनी. एकच बंद असेल तर "वन ऑफ द लिफ्ट्स इझन्ट वर्किंग".

'सगळे आले नाहीत' हे मराठीतही दुटप्पी वाक्य आहे. कुणीच आलं नाही, की काही आले आणि काही नाही? मराठीत हेल काढून आपण निभावून नेतो. "ऑल डिड नॉट कम" लिहिलं की हेल कागदावर उतरत नाही. म्हणून दोनातलं एक निवडा: "नॉट एव्हरीवन केम" किंवा "नोबडी केम".

'ईच' आणि 'एव्हरी' यांच्यापुढे नाम एकवचनी: "एव्हरी स्टुडंट", "एव्हरी स्टुडंट्स" नाही. पण 'दर चार मिनिटांनी' म्हणायचं तर "एव्हरी फोर मिनिट्स" असं अनेकवचनच येतं, कारण मध्ये आकडा आहे. 'एक दिवसाआड'ला "एव्हरी अदर डे".

मुंबईतल्या ऑफिसांत सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक माझ्या मते ही: "वन ऑफ माय फ्रेंड". मित्रांपैकी एक, म्हणजे मित्र अनेक. "वन ऑफ माय फ्रेंड्स", आणि क्रियापद त्या एकाचं: "वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन परळ."

'ऑफ' कधी घालायचा याला मराठीतलं 'पैकी' कामी येतं. मराठी वाक्यात 'पैकी' किंवा 'यातले' बसत असेल, तर 'ऑफ' आणि त्यामागून 'द', 'माय', 'दीज' असं काहीतरी: "मोस्ट ऑफ द बॉक्सेस आर डॅमेज्ड", या खोक्यांपैकी बहुतेक. 'पैकी' बसत नसेल तर 'ऑफ' नाही: "मोस्ट पीपल लाइक मँगोज." "मोस्ट ऑफ पीपल" हे ना धड इकडचं, ना तिकडचं.

"अ नंबर ऑफ" म्हणजे बरेच, क्रियापद अनेकवचनी. "द नंबर ऑफ" म्हणजे संख्या, क्रियापद एकवचनी.

## ८. आकडे: दोनशे, शेकडो, दीड, पाचशेची नोट

इथे मराठी चक्क आपल्या बाजूने आहे. आपण दोनशे म्हणतो आणि शेकडो म्हणतो. पाच हजार आणि हजारो. तीन लाख आणि लाखो. नेमका आकडा असेल तर 'ओ' नाही, मोघम असेल तर 'ओ'. इंग्रजीत त्या 'ओ'च्या जागी 'एस' आणि 'ऑफ': "टू हंड्रेड पीपल", पण "हंड्रेड्स ऑफ पीपल". "टू हंड्रेड्स रुपीज" लिहिणाऱ्याने मनातल्या मनात 'दोनशेकडो रुपये' म्हणून बघावं.

परदेशी मेलमध्ये लाख-कोटी लिहू नका. दहा लाखांचं एक 'मिलियन', शंभर कोटींचं एक 'बिलियन'.

सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आपल्याकडचे एकेका शब्दाचे ऐवज. इंग्रजीत ते फोडून सांगावे लागतात: "वन अँड अ क्वार्टर", "वन अँड अ हाफ", "वन अँड थ्री क्वार्टर्स", "टू अँड अ हाफ". एकाच्या पुढे गेलं की नाम अनेकवचनी होतं, म्हणून दीड तास म्हणजे "वन अँड अ हाफ अवर्स". अर्धा मात्र "हाफ अॅन अवर", "हाफ अ किलो". तो 'अ' मध्ये बसतो, पुढे नाही.

'पाचशे रुपयांची नोट'मध्ये रुपये अनेकवचनी आहेत, म्हणून आपण "फाइव्ह हंड्रेड रुपीज नोट" म्हणतो. आकडा आणि नाम मिळून पुढच्या वस्तूचं वर्णन करत असतील तर एस गळतो: "अ फाइव्ह हंड्रेड रुपी नोट", "अ टेन मिनिट वॉक", "अ फिफ्टीन कोच ट्रेन". रक्कम एकगठ्ठा धरली की क्रियापदही एकवचनी: "फाइव्ह हंड्रेड रुपीज इज टू मच." रिक्षावाल्याशी घासाघीस इंग्रजीत करायची वेळ सहसा येत नाही, पण हॉटेलच्या बिलावर येते.

## ९. रोजचा सराव

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे नग, उजवीकडे माप. दिवसभरात कानावर पडलेली पाच इंग्रजी नामं संध्याकाळी लिहा, शब्दकोशात बघा आणि ज्या रकान्यात जातील तिथे टाका. अंदाज चुकला तर दुसऱ्या रंगाने. मी हे भांडुप ते दादरच्या प्रवासात करायचे, सीट मिळाली तर; नाहीतर मोबाइलवर टिपून ठेवायचे. दीड-दोन महिन्यांनी दुसरा रंग बराच कमी झाला. सगळं पुस्तक घेऊन बसण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

मग 'सेंट' फोल्डर उघडा. शोधाच्या चौकटीत एकेक शब्द टाका: इन्फर्मेशन्स, इक्विपमेंट्स, अॅडव्हाइसेस, फीडबॅक्स, वन ऑफ. जे सापडेल ते मेल वहीत उतरवून दुरुस्त करा. स्वतःचीच वाक्यं असल्यामुळे ती विसरत नाहीत. मी पहिल्यांदा शोधलं तेव्हा नुसते 'इन्फर्मेशन्स' सतरा निघाले, त्यातले दोन साहेबांच्या साहेबांना गेलेले.

शेवटी 'फ्यू' टाका, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या डावीकडे 'अ' आहे का ते बघा.